धूम्रपान सोडल्यानंतरचे पहिले दिवस

मध्य प्रदेशातील सागर शहरी राहणाऱ्या एका शाळामास्तरांची कल्पना करू. वय पंचेचाळीस, बिडीची सवय वीस-बावीस वर्षांची, दिवसाकाठी पंचवीस-तीस बिड्या ठरलेल्या. रविवारी सकाळी त्यांनी उरलेले बंडल आणि काडेपेटी उकिरड्यावर टाकली व आपण बिडी सोडली असे घरात सर्वांना सांगितले. तो दिवस उत्साहात गेला. सोमवार कसाबसा पार पडला. आज मंगळवार आहे. रात्री झोप धड लागलेली नाही. सकाळपासून डोके जड आहे. फळ्यावर लिहिता लिहिता पुढचे वाक्य आठवेनासे झाले, एका मुलावर ते विनाकारण ओरडले, आणि आता मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभे असताना त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत आहे : हे असेच चालणार असेल तर बिडी सोडून काय मिळवले?

सागर हे बिडीच्या धंद्याचे जुने केंद्र आहे. तेंदूच्या पानात तंबाखू घालून बिड्या वळण्याचे काम तेथे घराघरांतून, बहुधा स्त्रियांच्या हातून चालते. त्यामुळे मोहापासून दूर पळून जावे अशी जागा मास्तरांना नाही. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे खरी, परंतु तलफ आलेल्या माणसाला शंभर यार्ड म्हणजे काही लांब अंतर नव्हे.

मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते आणि ते बरेच निश्चित आहे. हे असेच चालणार नाही. तंबाखू सोडल्यानंतर होणारा त्रास हा मुदतीच्या तापासारखा असतो. त्याला आरंभ, चढ आणि उतार असतो. शेवटच्या बिडीनंतर काही तासांतच तो सुरू होतो, बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतो, पहिल्या आठवड्याच्या अखेरीस कमी होऊ लागतो आणि तीन-चार आठवड्यांत त्यातील मोठा भाग नाहीसा होतो. म्हणजे मास्तर आज जेथे उभे आहेत तो चढाचा माथा आहे. दुर्दैवाची गोष्ट अशी की, कोणत्याही मदतीवाचून धूम्रपान सोडू पाहणारे बहुसंख्य लोक याच पहिल्या आठवड्यात पुन्हा ओढू लागतात. सर्वांत अवघड भाग ओलांडत असतानाच ते मागे वळतात, आणि आपल्यात निर्धार नाही अशी समजूत करून घेतात. पुढच्या खेपेस त्यांना तोच चढ पायथ्यापासून पुन्हा चढावा लागतो.

हा त्रास होतो तरी कशाने? बिडीचा किंवा सिगारेटचा झुरका घेतल्यापासून अवघ्या दहा ते वीस सेकंदांत तंबाखूतील निकोटिन हे द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचते. मेंदूतील पेशींवर काही विशिष्ट ग्राहक-स्थाने असतात. त्यांवर निकोटिन जाऊन बसले की डोपामीन नावाचे रसायन स्रवते आणि क्षणभर बरे वाटते. परंतु निकोटिन शरीरात फार वेळ राहत नाही. सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. वर्षानुवर्षे असा मारा होत राहिला म्हणजे मेंदू या ग्राहक-स्थानांची संख्या वाढवतो. मग ती रिकामी झाली की माणूस अस्वस्थ होतो, चिडतो, त्याचे लक्ष विचलित होते. पुढची बिडी ही अस्वस्थता शमवते, आणि ओढणाऱ्याला वाटते की बिडीमुळे मन शांत होते. वस्तुतः मागच्या बिडीने निर्माण केलेली उणीव तिने तेवढी भरून काढलेली असते. धूम्रपान सोडून काही आठवडे उलटलेल्या लोकांची चिंता व उदासीनता पूर्वीपेक्षा कमी झालेली आढळते, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

शेवटच्या बिडीनंतर दोन-तीन दिवसांत शरीरातील जवळजवळ सर्व निकोटिन निघून जाते. त्रास नेमका तेव्हाच शिगेला का पोहोचतो, हे आता वाचकाच्या ध्यानात येईल. ग्राहक-स्थाने वाढलेली आणि सगळी रिकामी, अशी ती अवस्था असते. यानंतर मेंदू हळूहळू ही वाढीव स्थाने कमी करत जातो आणि सहा ते बारा आठवड्यांत त्यांची संख्या धूम्रपान न करणाऱ्या माणसाइतकी होते. मंगळवारची चिडचिड ही या दुरुस्तीच्या कामाचीच खूण आहे.

पहिल्या काही दिवसांत आणखी काही गोष्टी घडतात. त्यांचा उलगडा न झाल्यामुळे माणसे घाबरतात. त्यांत सर्वांत कमी माहिती असलेली गोष्ट चहाची आहे. तंबाखूच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृतातील एक एंझाइम अधिक जोमाने काम करू लागते आणि चहा-कॉफीतील कॅफीन लवकर निकालात काढते. धूर बंद झाला की काही दिवसांत हा जोम ओसरतो. मास्तर आजही पूर्वीइतकाच, म्हणजे पाच-सहा पेले चहा पितात, परंतु त्यातील कॅफीन आता शरीरात अधिक काळ रेंगाळते आणि रक्तातील त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होऊ शकते. हातांना कंप सुटणे, छातीत धडधडणे, रात्री डोळ्याला डोळा न लागणे या तक्रारींचे सगळे खापर मग बिडी सोडण्यावर फुटते. चहा निम्म्यावर आणला आणि संध्याकाळनंतर अजिबात घेतला नाही, तर ही भर टळते. शिवाय चहा आणि बिडी यांची जोडी इतकी जुनी असते की पेला हातात आला की बोटे आपोआप खिशाकडे वळतात. याच कारणामुळे पहिले दोन आठवडे टपरीऐवजी घरी किंवा शिक्षकांच्या खोलीत बसून चहा घेणे शहाणपणाचे ठरते. (दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांच्या, तसेच काही मानसिक विकारांवरील औषधे घेणाऱ्यांच्या रक्तात त्या औषधांचे प्रमाणही असेच वाढू शकते. अशांनी धूम्रपान सोडत असल्याचे आपल्या डॉक्टरांना अवश्य कळवावे.)

दुसरी गोष्ट शौचाची. बिडीशिवाय पोट साफ होत नाही असे आपल्या देशात हजारो लोक सांगतात आणि ऐकणारे त्यांना हसतात. हसण्याचे कारण नाही. निकोटिनामुळे आतड्यांची हालचाल खरोखरच वाढते आणि ते बंद झाले की काही दिवस मलावरोध होतो. सकाळी उठल्यावर पेलाभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि पेरू, पपईसारखी फळे, रात्री इसबगोल, एवढ्यावर बहुतेकांचे भागते. आतडी आपली जुनी चाल पुन्हा शिकतात.

खोकल्याचेही तसेच. श्वासनलिकांच्या आतील बाजूस केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांच्या एकसारख्या हालचालीने कफ आणि धूळ वर ढकलली जाते. धुरामुळे त्यांचे काम मंदावते. धूर थांबल्यावर ते पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ बाहेर पडू लागतो, त्यामुळे बिडी सोडल्यावर काही दिवस खोकला वाढल्यासारखा वाटतो. मात्र कफातून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे क्षयाची शंका अशा वेळी मनात ठेवलीच पाहिजे. भूक वाढते, काहींच्या तोंडात फोड येतात. पुढील वर्षभरात वजन सरासरी चार-पाच किलोग्रॅमने वाढू शकते. त्याची काळजी पहिल्या आठवड्यात करू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एका वेळी एकच लढाई पुरे.

याच दिवसांत न जाणवणारे काही फायदेही होत असतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनाला प्राणवायूपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. शेवटच्या बिडीनंतर एक-दोन दिवसांत त्याचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांच्या पातळीवर येते. नाडीची गतीही उतरते. बिडी ही सिगारेटहून सौम्य असते, ही समजूत मात्र चुकीची आहे. बिडीत तंबाखू थोडी असते, पण तेंदूच्या पानातून हवा कमी शिरते व बिडी वारंवार विझू पाहते, म्हणून ती जोराने व पुनःपुन्हा ओढावी लागते. परिणामी तिच्यातून मिळणारे निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड आणि डांबरासारखी द्रव्ये सिगारेटपेक्षा कमी नसतात. २०१६-१७ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी ७.७ टक्के लोक बिडी आणि ४ टक्के लोक सिगारेट ओढत होते. असे असूनही धूम्रपान सोडण्याविषयीचे बरेचसे लेखन सिगारेट ओढणाऱ्यालाच उद्देशून होते, ही खेदाची बाब आहे.

आता प्रत्यक्ष तलफेविषयी. तलफ आली की ती वाढतच जाणार असे वाटते. घड्याळ समोर ठेवून पाहिले तर निराळेच दिसते. तिचा जोर काही मिनिटांतच ओसरतो, मग बिडी ओढलेली असो वा नसो. तेवढा वेळ हातांना आणि तोंडाला काम द्यावयाचे असते. घोटघोट पाणी पिणे, बडीशेप, लवंग किंवा वेलची तोंडात टाकणे, फुटाणे खाणे, वर्गाला एक चक्कर मारून येणे हे उपाय क्षुल्लक वाटतील, परंतु पाच मिनिटे काढण्यासाठी ते पुरेसे आहेत. एक सावधगिरी मात्र बाळगावी. बिडीच्या जागी खैनी, गुटखा, मशेरी किंवा तंबाखूचे पान येऊ देऊ नये. त्यांत निकोटिन असतेच, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका पदरात पडतो.

घरातील मंडळींचाही यात वाटा आहे. या आठवड्यात मास्तर चिडतील. त्यावर 'यापेक्षा बिडीच बरी होती' असे त्यांच्या पत्नी सहज बोलून जातील आणि ते एक वाक्य फार महागात पडेल. आठवडाभर त्यांच्याशी वाद न घालणे, रात्रीच्या जेवणानंतर त्यांच्याबरोबर थोडे फिरून येणे, एवढे केले तरी खूप झाले.

केवळ मनोनिग्रहावर सर्व भार टाकण्याची आवश्यकता नाही. सिग्मंड फ्रॉइड यांच्यासारख्या, मनाचा शोध घेण्यात आयुष्य घालवणाऱ्या डॉक्टरांनी १८९४ च्या सुमारास हृदयाच्या तक्रारींमुळे सिगार सोडून पाहिला, त्या दिवसांतील हाल आपल्या मित्राला पत्रांतून कळवले आणि पुन्हा ओढणे सुरू केले. १९२३ साली त्यांना तोंडाचा कर्करोग झाला. १९३९ साली मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार कायमचा सुटला नाही. बुद्धी किंवा करारीपणा यांची त्यांच्यापाशी वाण नव्हती. आज मिळणारी मदत मात्र त्यांच्या काळी नव्हती. निकोटिनयुक्त च्युइंग गम किंवा त्वचेवर लावावयाची पट्टी यांमुळे मेंदूला थोडे निकोटिन धुरावाचून मिळते आणि यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. गम नेहमीच्या गमसारखा सतत चघळावयाचा नसतो. तो सावकाश चावून, जिभेला चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावा, आणि काही वेळाने पुन्हा चावावा. त्याच्या आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी घेऊ नये, कारण त्यामुळे तोंडातून निकोटिन नीट शोषले जात नाही. गर्भवती स्त्रियांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन ही औषधेही आहेत, ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाची. ज्यांना कोणाशी बोलावेसे वाटते त्यांच्यासाठी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी-सेवा सुरू झाली. हा क्रमांक तंबाखूच्या वेष्टनांवरही छापलेला आढळतो. शत्रूच्या पाठीवरच त्याच्यावरील उपाय लिहावा, असा हा प्रकार.

आणि समजा, आज फाटकाबाहेर मास्तरांनी एक बिडी ओढलीच, तर? एक-दोन झुरक्यांनीही मेंदूतील निकोटिनाची जवळजवळ निम्मी ग्राहक-स्थाने काही तास व्यापली जातात, म्हणून 'फक्त एकच' हा हिशेब फसवा आहे. परंतु एक बिडी ओढली म्हणजे सगळे संपले, हा हिशेबही तितकाच फसवा आहे. हातातली बिडी विझवावी, उरलेल्या फेकाव्यात आणि त्याच तासापासून पुन्हा सुरुवात करावी. पुढच्या सोमवारची किंवा दिवाळीची वाट पाहू नये. ज्यांनी बिडी-सिगारेट कायमची सोडली आहे, त्यांतील पुष्कळांनी ती एकाहून अधिक वेळा सोडलेली असते.

मास्तरांचे वय येथे मुद्दाम पंचेचाळीस धरले आहे. इतक्या उशिरा सोडून काय उपयोग, असे या वयात म्हटले जाते. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून ३४,००० हून अधिक ब्रिटिश पुरुष डॉक्टरांची पन्नास वर्षे नोंद ठेवली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, चाळिसाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्याला ओढत राहणाऱ्यापेक्षा सुमारे नऊ वर्षांचे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याला सुमारे सहा वर्षांचे आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक लाभते.

मंगळवार सरला की साधारणपणे बुधवार-गुरुवारपासून दोन तलफांमधील अंतर वाढू लागते. झोप आणि एकाग्रता काही आठवड्यांत पूर्ववत होतात; भूक त्याहून अधिक काळ वाढलेली राहते. पुढे कित्येक महिन्यांनी, एखाद्या लग्नाच्या मांडवात किंवा रात्रीच्या रेल्वेप्रवासात शेजाऱ्याने काडी ओढली की मास्तरांना अचानक बिडीची आठवण होईल. ती तलफही काही मिनिटेच टिकते.