खाचराच्या बांधावर उंच पाळणा

सभासद बंधूंनो, उसाने भरलेली ट्रॉली बांधाच्या कडेने नेताना एक चाक खचले तर काय होते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आता तीच गोष्ट बारा मीटर उंचीवर, पाळण्यात दोन माणसे उभी असताना झाली असे समजा.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा शिळफाटा ते झरोळी हा 135 किलोमीटरचा टप्पा डहाणू व तलासरी तालुक्यांतून जातो. अशा कामांवर माणसे वर चढविण्यासाठी बूम लिफ्ट वापरतात. शेडचे पत्रे बदलायलाही ही यंत्रे आता भाड्याने मिळतात आणि आपल्यातली काही पोरे ती चालवायला शिकतात, म्हणून हा विषय घेतला.

तिकडची जमीन मोठी फसवी. समुद्राकडे वाळूमिश्रित चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगरउतार आणि भातखाचरे. खाचर वरून टणक दिसते, पण पावसानंतर आत लोणी! बूम लिफ्ट सहा-सात टनांची असते. तिचे चाक बुजविलेल्या चरावर किंवा पाटाच्या काठावर आले की माती दबते. यंत्र नुसते पाच अंश कलले तरी बारा मीटरवरचा पाळणा सुमारे एक मीटर बाहेर जातो आणि सगळा भार खालच्या बाजूच्या चाकांवर येतो.

'खडबडीत जमिनीचे यंत्र' या नावाने पुष्कळांची फसगत होते. दांड्याचा हात मिटलेला असताना ते खाचखळग्यांतून जाते, एवढाच त्याचा अर्थ. हात वर उचलायचा तर जमीन जवळजवळ सपाट हवी. किती उतार चालतो ते यंत्रावरच्या पाटीवर लिहिलेले असते. कलाचा भोंगा वाजला तर यंत्र पुढे दामटू नये, हात आखडून सावकाश खाली यावे. काही बहाद्दर 'भोंगा बिघडलाय' म्हणून त्याची वायरच काढतात! अशा माणसाला पुन्हा यंत्रावर चढू देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

काम सुरू करण्यापूर्वी जागा पायी फिरून पाहावी, पहार मारून माती तपासावी. पाळण्यातल्या माणसाने अंगावरचा पट्टा पाळण्यातल्याच कडीला अडकवावा, झाडाला किंवा खांबाला नव्हे. चाक खड्ड्यात आपटले की लांब दांड्याच्या टोकाला असा हिसका बसतो की माणूस बाहेर फेकला जातो. विजेच्या तारांजवळ काम असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्यावी. ताशी 45 किलोमीटरपर्यंतचा वारा ही बहुतेक यंत्रांची मर्यादा. किनाऱ्याकडे दुपारून वारा वाढतो, तेव्हा उंचावरचे काम सकाळीच उरकलेले बरे. तलासरी-धुंदलवाडी भागात तर नोव्हेंबर 2018 पासून भूकंपाचे धक्के बसले आहेत; धक्का जाणवला की आधी खाली यायचे, पत्रा मग.

आणखी एक. वरचा माणूस बेशुद्ध पडला तर पाळणा खालूनही उतरविता येतो. तो खटका कुठे आहे, हे यंत्र भाड्याने घेतानाच खाली थांबणाऱ्या माणसाला दाखवून घ्या व त्याच्याकडून एकदा चालवूनही पाहा.