गोल्फ क्लबची निवड

हा लेख गोल्फ खेळण्याच्या क्लब या साधनाविषयी आहे. गोल्फ क्लब या नावाने चालणाऱ्या संस्थांविषयी नाही.

गोल्फ क्लब हे गोल्फ या खेळात चेंडू टोलवण्यासाठी वापरले जाणारे काठीसारखे साधन होय. क्लब निवडणे आणि प्रशिक्षण घेणे हे नवोदित खेळाडूपुढील दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. क्लबचे वजन, लांबी व दांड्याची लवचिकता ही खेळाडूच्या स्विंगला, म्हणजे क्लब फिरवण्याच्या पद्धतीला, अनुरूप असावी लागते. परंतु शिकण्याच्या सुरुवातीच्या काळात स्विंगच सतत बदलत असतो. त्यामुळे आधी उसन्या किंवा भाड्याच्या क्लबवर काही धडे, मग मोजक्या क्लबचा छोटा संच आणि स्विंग स्थिरावल्यावर पूर्ण संच, हा क्रम नवोदितास सोयीचा व कमी खर्चाचा ठरतो.

रचना

क्लबचे तीन भाग असतात : हाताने धरावयाची मूठ (ग्रिप), दांडा (शाफ्ट) आणि चेंडूवर आदळणारे डोके (हेड). डोक्याचा पृष्ठभाग उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, त्या कोनास लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट कमी असल्यास चेंडू खालून व दूर जातो. जास्त असल्यास तो उंच उडतो व पडल्यावर लवकर थांबतो. जास्त लॉफ्टमुळे चेंडूस मिळणाऱ्या उलट्या फिरकीचे प्रमाण वाढते व तो बाजूला वळण्याची प्रवृत्ती घटते. म्हणूनच नवोदितास जास्त लॉफ्टचा क्लब सरळ मारणे सोपे जाते.

पूर्वी दांडे हिकरी या लाकडाचे असत आणि क्लबना क्रमांकांऐवजी मॅशी, निब्लिक, ब्रॅसी अशी नावे होती. पोलादी दांड्यांना ब्रिटनमध्ये इ.स. १९२९ साली मान्यता मिळाली. आज पोलाद व ग्रॅफाइट अशा दोन्ही प्रकारचे दांडे वापरात आहेत. ग्रॅफाइटचा दांडा वजनाने हलका असतो.

प्रकार

वूड : दूरच्या टोल्यांसाठी. सर्वांत लांब क्लबला ड्रायव्हर म्हणतात. नाव ‘वूड’ असले तरी हल्ली डोके धातूचे किंवा कार्बन-संमिश्राचे असते.
हायब्रिड : वूड व आयर्न यांच्या मधला प्रकार. लांब आयर्नपेक्षा चेंडू उचलणे सोपे.
आयर्न : मध्यम अंतरासाठी. क्रमांक वाढतो तसा लॉफ्ट वाढतो व लांबी घटते. लगतच्या दोन आयर्नमध्ये साधारणतः ४ अंश व अर्ध्या इंचाचा फरक असतो.
वेज : जवळच्या उंच टोल्यांसाठी व वाळूच्या खड्ड्यांतून (बंकर) चेंडू बाहेर काढण्यासाठी.
पटर : ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चेंडू घरंगळत नेण्यासाठी.

आयर्नचा क्रमांक हे प्रमाणित माप नाही. एका उत्पादकाचा ७ क्रमांकाचा आयर्न ३४ अंशांचा, तर दुसऱ्याचा ३० अंशांहून कमी असू शकतो. दुकानात दोन क्लबची तुलना करताना क्रमांकांऐवजी अंश पाहणे योग्य ठरते.

नियम

गोल्फचे नियम ‘आर अँड ए’ आणि ‘युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशन’ या दोन संस्था संयुक्तपणे ठरवतात. एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. ही मर्यादा अमेरिकेत इ.स. १९३८ व ब्रिटनमध्ये इ.स. १९३९ पासून लागू झाली. त्यापूर्वी काही खेळाडू वीसहून अधिक क्लब घेऊन मैदानात उतरत. इ.स. २००१ च्या ओपन चॅम्पियनशिपमध्ये अंतिम फेरीच्या प्रारंभी इयन वूस्नम यांच्या पिशवीत १५ क्लब आढळले आणि त्यांना दोन टोल्यांचा दंड झाला.

चौदा ही कमाल मर्यादा आहे. किमान मर्यादा नाही. नवोदितास चौदा क्लब विकत घेण्याची गरज आहे, हा समज त्यामुळे निराधार ठरतो. पुढे पाच मेजर स्पर्धा जिंकणारे स्पेनचे सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी समुद्रकिनाऱ्यावर ३ क्रमांकाच्या एकाच आयर्नने सर्व प्रकारचे टोले शिकले.

पहिला संच

पहिल्या संचात सात-आठ क्लब पुरेसे असतात. जास्त लॉफ्टचा एक वूड, एक हायब्रिड, ५ किंवा ६, ७ व ९ क्रमांकांचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. ड्रायव्हर घ्यावयाचा झाल्यास तो १०.५ अंश किंवा अधिक लॉफ्टचा असावा.

आयर्नमध्ये ‘कॅव्हिटी बॅक’ हा प्रकार नवोदितांस अनुकूल मानला जातो. त्यात डोक्याच्या मागचा भाग पोकळ ठेवून वजन कडांकडे नेलेले असते. त्यामुळे चेंडू डोक्याच्या मध्याऐवजी कडेला लागला, तरी डोके कमी पिरगळते आणि टोला फारसा वाया जात नाही. वजन कडांकडे नेण्याचे हे तत्त्व नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी अभियंता कार्स्टन सोल्हाइम यांनी इ.स. १९५९ च्या सुमारास प्रथम पटरमध्ये वापरले आणि पुढे आयर्नमध्ये रूढ केले.

शरीरमानानुसार निवड

क्लबची लांबी ठरवताना केवळ उंची पाहणे पुरेसे नसते. मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतरही मोजतात. चेंडू मारताना क्लबचा तळ जमिनीशी समांतर असावा लागतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत डोक्याचे टोक वर उचललेले राहिल्यास चेंडू डावीकडे, तर टाच वर राहिल्यास उजवीकडे जातो. हा दोष क्लबचा असूनही पुष्कळदा खेळाडू तो स्वतःचा समजतो आणि स्विंग बिघडवून घेतो.

दांड्याची लवचिकता स्विंगच्या वेगावर ठरते. वेग कमी असल्यास अधिक लवचिक दांडा उपयुक्त असतो. मोठ्यांचे क्लब कापून मुलांना देण्याची प्रथा हानिकारक आहे. कापल्याने दांडा अधिक ताठर होतो आणि डोके जडच राहते.

वापरलेले क्लब विकत घेतल्यास खर्च बराच वाचतो. घेताना पोलादी दांड्यावरील गंज व पोचे, ग्रॅफाइटच्या दांड्यावरील तडे, डोक्यावरील खाचांची झीज व मुठीचा टणकपणा तपासावा. मूठ बदलता येते, परंतु झिजलेल्या खाचा सहसा पूर्ववत होत नाहीत. प्रसिद्ध नाममुद्रांच्या बनावट क्लबपासूनही सावध राहावे लागते.

प्रशिक्षण

प्राथमिक धड्यांत मूठ पकडणे, उभे राहण्याची पद्धत, लक्ष्याशी शरीराची दिशा जुळवणे व मैदानावरील शिष्टाचार यांचा समावेश होतो. अनेक प्रशिक्षक पटिंगपासून सुरुवात करून क्रमाने लांब टोल्यांकडे जातात. ७२ टोल्यांच्या पार मैदानात प्रत्येक होलवर दोन याप्रमाणे ३६ टोले पटिंगसाठी गृहीत धरलेले असतात. ड्रायव्हर मात्र बहुधा १४ वेळाच लागतो. प्रत्यक्षात नवोदिताचा बहुतेक पैसा ड्रायव्हरवर आणि बहुतेक सराव लांब टोल्यांवर खर्च होतो.

लागोपाठ धडे घेण्याऐवजी दोन धड्यांमध्ये सरावासाठी काही दिवस ठेवणे इष्ट असते. गटातील धडे स्वस्त पडतात. फेरी चालू असताना केवळ स्वतःच्या कॅडीकडून, किंवा जोडीने खेळताना सहकारी व त्याच्या कॅडीकडून, सल्ला घेण्यास नियमांनुसार मुभा आहे.

भारतातील स्थिती

इ.स. १८२९ मध्ये स्थापन झालेला रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब हा ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. देशातील हौशी गोल्फचे नियमन इंडियन गोल्फ युनियन करते. महाराष्ट्रात मुंबईतील चेंबूर, पुण्यातील येरवडा इत्यादी ठिकाणी जुनी मैदाने आहेत. अशी बहुतेक मैदाने सदस्यांसाठी असतात. नवी मुंबईतील खारघर येथे सिडकोने उभारलेल्या मैदानावर मात्र शुल्क भरून खेळता येते. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेले उदयन माने हे पुण्याचे होत.

सदस्यत्व, साधने व प्रशिक्षण यांच्या खर्चामुळे हा खेळ अद्याप मर्यादित वर्गापुरता राहिला आहे. तथापि भारतातील अनेक व्यावसायिक खेळाडू कॅडी म्हणून काम करता करता, उसन्या क्लबवर खेळ शिकले. इ.स. २००८ मध्ये इंडियन मास्टर्स ही युरोपियन टूरची स्पर्धा जिंकणारे शिव शंकर प्रसाद चौरसिया यांचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या मैदानाची देखभाल करीत असत. चौरसिया स्वतः तेथेच खेळ शिकले आणि ग्रीनजवळच्या छोट्या टोल्यांतील कौशल्यासाठी ओळखले जाऊ लागले.