‘ग्रेड वनच आहे ना, मग सोडा!’

मुतखड्याची शंका येते, नाहीतर कंपनीच्या वार्षिक तपासणीत नंबर लागतो, म्हणून सोनोग्राफी होते. खडा नसतो, पित्ताशय ठीक असतं, आणि रिपोर्टात मध्येच कुठेतरी एक ओळ असते : ग्रेड वन फॅटी लिव्हर. मग नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कॅन्टीनपासून गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकपर्यंत एकच वाक्य कानावर येतं. “अहो, ग्रेड वनच आहे ना? मग सोडा. हल्ली सगळ्यांनाच असतं.” सांगणारा बहुतेक वेळा स्वतःही ग्रेड वनवालाच असतो, आणि त्याच्या हातात जिलेबीची बशी असते.

यातलं ‘सगळ्यांनाच’ फारसं खोटं नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात प्रौढांमधलं फॅटी लिव्हरचं प्रमाण ३८.६ टक्के निघालं. लठ्ठ आणि मधुमेही अशा जोखमीच्या गटांवरचे अभ्यास त्यात धरलेले आहेत, हे खरं; तरीही आकडा लहान नाही. पण एखादा आजार पुष्कळांना आहे म्हणून तो निरुपद्रवी कसा ठरतो? आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीचे २०२३ साली आलेले निष्कर्ष सांगतात की देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. ही माणसं आणि फॅटी लिव्हरवाली माणसं वेगवेगळ्या गावची नाहीत. टाइप टू मधुमेहींची लिव्हर तपासली तर निम्म्याहून जास्त जणांत चरबी सापडते. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यात हे प्रमाण ५५.५ टक्के होतं. उलट बाजूने पाहायचं तर ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ साली पाच लाखांवर लोकांच्या माहितीचा आढावा आला. आज साखर ठीक असलेल्या, पण फॅटी लिव्हर असलेल्या माणसाला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून थोडी अधिक दिसली. म्हणजे ओळ लिव्हरच्या रकान्यात छापलेली असली तरी खबर साखरेची आहे.

आता हा ‘ग्रेड’ ठरतो कसा, ते एकदा नीट पाहू. सोनोग्राफीच्या पडद्यावर निरोगी लिव्हर आणि त्याला लागून असलेली उजवी किडनी साधारण सारख्याच करड्या छटेची दिसतात. चरबी साठली की लिव्हर किडनीपेक्षा पांढुरकं दिसू लागतं. पांढुरकं आहे, पण आतल्या रक्तवाहिन्यांच्या कडा स्पष्ट आहेत, तर ग्रेड वन. कडा पुसट झाल्या की ग्रेड टू. मागचा भाग आणि श्वासपटलाची रेघच दिसेनाशी झाली की ग्रेड थ्री. झालं, एवढंच. डोळ्यांनी केलेला हा अंदाज आहे. दोन डॉक्टरांचा वेगळा येऊ शकतो. लिव्हरमध्ये पाच टक्क्यांच्या वर चरबी गेली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात, आणि वीसेक टक्क्यांपर्यंतची चरबी सोनोग्राफीच्या नजरेतून बऱ्याचदा सुटते. तेव्हा ‘वन’ म्हणजे आत्ता कुठे सुरुवात, हा समज आधीच मोडीत निघतो.

आणि ज्याची खरी भीती बाळगायची, ते वण, म्हणजे फायब्रोसिस, त्याचा या ग्रेडमध्ये पत्ताच नसतो. ग्रेड थ्री असून लिव्हरला एकही वण नाही, असं होऊ शकतं. ग्रेड वन असून वण पुष्कळ, असंही होऊ शकतं. वणांनी लिव्हर आक्रसतं तो सिरॉसिस फार पुढे गेला की लिव्हरमधली चरबी ओसरते, म्हणजे कागदावर ग्रेड सुधारलेला दिसेल! पहिली-दुसरी-तिसरी इयत्ता असावी तसं लोक या आकड्यांकडे बघतात, ते सोडलं पाहिजे.

यावर ठरलेला प्रश्न येतो. मधुमेह स्वादुपिंडाचा आजार, त्यात लिव्हर कुठून आलं?

रात्री नऊला जेवलात, सकाळी सातला उपाशीपोटी रक्त दिलं. मधले दहा तास मेंदूला साखर पुरवली कोणी? लिव्हरने. ते साखर साठवतं, नवी तयारही करतं आणि गरजेप्रमाणे रक्तात सोडतं. किती सोडायची, हे इन्सुलिन ठरवतं. नाशिककरांना गंगापूर धरणाचा विसर्ग नव्याने सांगायला नको. दरवाजे वेळेवर खाली आले नाहीत तर गोदाघाटावर काय होतं, हे आपण दर पावसाळ्यात पाहतो. चरबी साठलेलं लिव्हर इन्सुलिनचा आदेश नीट मानत नाही. रक्तात साखर पुरेशी असली तरी रात्रभर विसर्ग चालू राहतो. “रात्री फक्त एक भाकरी खाल्ली, तरी सकाळची शुगर १३० कशी?” या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथे असतं. ती साखर भाकरीतून आलेली नसते, ती घरातूनच आलेली असते. आदेश पाळला जात नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. जास्तीचं इन्सुलिन लिव्हरला आणखी चरबी बनवायला लावतं. ही चरबी ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात उतरते आणि काही स्वादुपिंडातही जाऊन बसते. मग इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच थकू लागतात.

न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी हे दुहेरी चक्र २००८ मध्ये मांडलं आणि २०११ मध्ये ११ मधुमेहींवर पडताळून पाहिलं. दिवसाला जेमतेम सहाशे कॅलरींचा आहार. सातव्या दिवशी लिव्हरमधली चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली होती आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मल झाली होती. स्वादुपिंड सावरायला आठ आठवडे लागले. लिव्हरने आठवड्यात कौल दिला. (हा प्रयोग घरी करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना इतकं कमी खाल्लं तर साखर धोकादायक खाली जाते.)

मग ग्रेड वनची ओळ दिसल्यावर करायचं काय? उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज) तपासा. साखर १०० ते १२५ किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ यांच्यात आली तर तुम्ही उंबरठ्यावर आहात. कंबर मोजा, पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० सेंटिमीटर, त्याच्या आत हवी. मोजताना पोट आत ओढायचं नाही.

ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांनी लिव्हरच्या रक्ततपासणीत ‘एसजीपीटी नॉर्मल आहे’ एवढ्यावर निर्धास्त होऊ नये. समजा, वय ५८, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट एक लाख साठ हजार. लॅबच्या कागदावर एकाही आकड्यापुढे फुली नसेल. आता वणांचा अंदाज देणारा ‘फिब-फोर’ काढा. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. ५८ गुणिले ३८ म्हणजे २२०४. १६० गुणिले ६ म्हणजे ९६०. उत्तर २.३. हा आकडा १.३ च्या खाली असेल तर वणांची शक्यता कमी. वर असेल तर फायब्रोस्कॅनसारखी पुढची तपासणी लागते. वयाच्या पासष्टीनंतर ही सीमा २ धरतात. नवं रक्त काढावं लागत नाही, मशिन लागत नाही, फाइलमध्ये पडलेल्या तीन आकड्यांत आणि जन्मतारखेत हे काम होतं. तरी ते होत नाही, याचा राग येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, तो फॅटी लिव्हर आणि मधुमेह एका माळेचे आहेत म्हणूनच.

“पण मी तर बारीक आहे!” हा दुसरा पक्का समज, आणि त्याला उत्तर थेट पुण्यातून मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाची लिफ्ट बंद व्हायच्या आत ती गाठणं, अशी मिश्कील कबुलीही खाली होती. गंमत बाजूला ठेवली तरी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवर याज्ञिकांच्या गटाने केलेला अभ्यास गंभीर आहे. आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, ही ठेवण जन्मापासूनच सुरू होते. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या ग्रामीण भागात २०१० च्या पाहणीत फॅटी लिव्हर सापडलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५ च्या खाली होता. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २५ वर नाही, २३ वर धरतात.

तिसरा समज रविवारी मिसळीवरची तर्री बाजूला काढताना दिसतो. “लिव्हरमध्ये चरबी म्हणजे तेलकट बंद.” तर्री काढतात आणि चार पाव, वर जिलेबी, वर उसाचा रस चालतो. लिव्हरमधली चरबी येते कुठून, हे २००५ मध्ये अमेरिकेत रुग्णांवर मोजलं गेलं. ५९ टक्के शरीरातल्या साठलेल्या मेदातून, २६ टक्के लिव्हरने स्वतः मुख्यतः साखर-पिठापासून बनवलेली, आणि खाल्लेल्या तेलातुपातून थेट आलेली अवघी १५ टक्के. याचा अर्थ तेलाची बरणी तोंडाला लावा असा नाही. तेलाच्या कॅलरी कंबरेवर बसतातच. पण पाव आणि जिलेबीला मिळालेली क्लीन चिट काढून घ्या. गूळ आणि मधही त्याच रांगेत; नैसर्गिक असले तरी फ्रुक्टोज तेच, आणि ते पचवण्याचं बरंचसं काम लिव्हरवरच पडतं. दिंडोरी-निफाडची द्राक्षं मूठभर चावून खाणं वेगळं आणि ग्लासभर रस गटागटा पिणं वेगळं. बेदाण्यांत साखर द्राक्षांच्या सुमारे चौपट असते.

‘लिव्हर साफ करणारे’ काढे हा तर संतापाचाच विषय. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे घराघरांत उकळले गेले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत गुळवेल घेतलेले आणि लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांना आढळले. त्यांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, दुसऱ्याच वेलीशी गल्लत झाली असावी असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह किंवा थायरॉइडसारखा आजार आधीच होता. लिव्हर हा साफ करायचा माठ नाही. त्याची चरबी वजनाबरोबर उतरते. वजन सात टक्के उतरवलं तर चरबीमुळे आलेली लिव्हरची सूज बऱ्याच जणांत जाते, दहा टक्क्यांच्या पुढे वणही भरू लागतात. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो, तेही महिन्याभरात नव्हे.

“डायबेटीसच्या गोळ्यांनी लिव्हर खराब होतं” म्हणत मेटफॉर्मिन सोडणारे भेटतात. मेटफॉर्मिनचं लिव्हरमध्ये विघटनच होत नाही, ती किडनीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. ती लिव्हरची चरबी उतरवत नाही, हेही खरं, पण तिच्यावर आळ कशाला? कोलेस्टेरॉलची स्टॅटिन तर मुळीच सोडू नये. फॅटी लिव्हरच्या रुग्णांना सर्वांत जास्त मारतो तो हृदयविकार, लिव्हर नव्हे.

“दारूला शिवत नाही, मला कसं होईल?” अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये लुडविग यांनी १९८० मध्ये न पिणाऱ्या २० जणांत दारुड्यांसारखंच लिव्हर दाखवलं, तेव्हाच हा मुद्दा निकालात निघाला.

“रेड वाइन तर औषधी, आणि आपल्या नाशिकचीच!” द्राक्षं नाशिकची असली तरी त्यातलं बारा-तेरा टक्के अल्कोहोल जगभर सारखंच. मधुमेह आणि फॅटी लिव्हर दोन्ही असतील तर ते नुकसानीत भरच घालतं.

“लहान मुलांना असलं काही नसतं.” ‘एम्स’च्या त्याच आढाव्यात लठ्ठ मुलांमध्ये हे प्रमाण ६३.४ टक्के होतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं पोट सुटलंय आणि मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा आलाय, म्हणून आई रोज त्याची मान घासते आणि तो मळ निघत नाही. तो मळ नाहीच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. घासणी ठेवून द्या, त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि साखरेबरोबर लिव्हरचीही तपासणी करायला सांगा.