कोणता कॉम्प्युटर घ्यावा?
दुरुस्तीवाला विंडोजच सांगणार. त्याचा हात त्यावरच बसलेला. लिनक्सवाला विंडोजचं नाव काढताच नाक मुरडतो. दोघांचं ऐकावं, पण आधी आपण रोज कोणतं सॉफ्टवेअर उघडतो ते पाहावं. टॅली किंवा श्रीलिपी लागत असेल तर सरळ विंडोज घ्यावं, उगाच प्रयोग नकोत. व्हिडिओ एडिटिंगचं फायनल कट प्रो मात्र विंडोजवर येतच नाही, तिथे मॅक.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा नसलेल्या जुन्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. पण म्हणून ते मशीन लगेच भंगारात काढू नका (विकणारे तसंच सुचवतील). ब्राउझर, ईमेल, पत्रं एवढंच काम असेल तर लिनक्स मिंट पुरतं. पेन ड्राइव्हवरून ते हार्ड डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं. प्रिंटर आणि मराठी कीबोर्ड तेव्हाच तपासून घ्या.