चालणे : पडणे आणि सावरणे

गावी रोज मंडईपर्यंत आणि संध्याकाळी देवळापर्यंत पायी जाणारे आई-वडील आपल्याकडे दुबई-शारजाला राहायला आले, की त्यांचे चालणे एकदम थांबते. बाहेर ऊन, घराबाहेर लिफ्ट, खाली गाडी. दोन-तीन महिन्यांत पावले आखूड होतात, हात भिंतीचा आधार शोधू लागतो आणि आपण म्हणतो, "वय झाले." पण सगळा दोष वयाचाच असता, तर आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटरच्या वारीत सत्तरी ओलांडलेली माणसे दिसली नसती. पुष्कळसा दोष मोडलेल्या सवयीचा असतो. मी संगणक अभियंता आहे, डॉक्टर नव्हे. म्हणून औषधोपचाराकडे न वळता चालण्याचे यंत्र कसे चालते तेवढे पाहू.

उलटा लंबक

घड्याळाचा लंबक उलटा धरल्याची कल्पना करा : वजन वर, टेकू खाली. चालताना टेकलेले पाऊल हा टेकू असतो. त्यावरून शरीर कमानीसारखे पुढे जाते आणि पडू लागते, तेवढ्यात दुसरे पाऊल येऊन त्याला झेलते. म्हणजे चालणे हे सतत पडणे आणि सतत सावरणे आहे. नेहमीच्या गतीने चालताना दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात ते सुमारे २० टक्के वेळ. उरलेला ८० टक्के वेळ आपण एकाच पायावर असतो! त्या वेळी कंबर दुसऱ्या बाजूला झुकू नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू तिला धरून ठेवतात. बसून राहिल्याने हेच स्नायू दुबळे होतात.

तीन खबरे

तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते. पहिली डोळ्यांकडून. दुसरी कानाच्या आतल्या भागातून : तिथल्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कुठे वळले ते सांगतात. तिसरी तळपाय, स्नायू आणि सांध्यांकडून. एक खबऱ्या कमी पडला तर उरलेले दोघे निभावून नेतात. पण दीर्घकाळच्या मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील आणि रात्री अंधारात बाथरूमकडे जायचे असेल, तर दोन खबरे एकदम गप्प होतात. घरातल्या घरात पडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना एका पायावर १० सेकंद उभे राहता आले नाही, त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण बरेच जास्त आढळले. याचा अर्थ तोल गेला की आयुष्य संपले असा नव्हे. तोल हा एकूण प्रकृतीचा आरसा आहे, एवढाच.

घरी काय करावे?

दिलासा असा की तोल सरावाने सुधारतो, अगदी उतारवयातही.

१. ओट्याला हात लावून एका पायावर १० सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्या. शेजारी कोणीतरी असावे.

२. खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा सराव करावा. जमिनीवर मांडी घालून बसण्याची सवय असेल आणि गुडघे साथ देत असतील तर ती सोडू नये.

३. उन्हाळ्यात चालण्यासाठी मॉल गाठावा. ऑगस्ट २०२५ मध्ये दुबईतील काही मॉल सकाळी ७ ते १० या वेळेत खास चालणाऱ्यांसाठी उघडले होते. आपल्या जवळच्या मॉलमध्ये चौकशी करावी.

४. रात्री बाथरूमच्या वाटेवर छोटा दिवा ठेवावा. फरशीवर सरकणारी पायपुसणी आणि सैल सपाता काढून टाकाव्यात.

५. खुबा मोडला तर शस्त्रक्रियेचा खर्च घराचे अंदाजपत्रक कोलमडवू शकतो. आई-वडिलांचे तिकीट काढण्याआधीच त्यांच्या विम्यात काय बसते आणि काय वगळले आहे ते नीट वाचावे.

चक्कर येत असेल, पाय बधिर वाटत असतील किंवा वर्षात एकदा जरी पडणे झाले असेल, तर डॉक्टरांना दाखवूनच सराव सुरू करावा. बाकीच्यांनी आज संध्याकाळीच आई-वडिलांना सोबत घेऊन इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या माराव्यात. त्यांच्याबरोबर आपलेही पाय मोकळे होतील.