दगडाखालचा काळा भुंगेरा ओळखताना

पावसाळ्यात मुंबईच्या वडाळ्यात कुंडी सरकवली किंवा बागेतली वीट उचलली, की कधी एखादा चकचकीत काळा किडा भर्रकन पळत सुटतो. झुरळ समजून आपण चप्पल उचलतो. पण तो कॅराबिडी कुळातला भुंगेरा असू शकतो. जमिनीवर धावत अळ्या आणि छोटे किडे मटकावणाऱ्या या कुळाच्या जगात सुमारे ४०,००० जाती आहेत. ब्रिटनच्या हेदर झुडपांच्या माळापासून आपल्या खाडीकाठापर्यंत त्यांची वस्ती आहे.

आधी पाठ पाहा. झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात; भुंगेऱ्याचे कडक पंख मधोमध सरळ रेषेत जुळतात. मग भिंग घ्या. कॅराबिडीच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरं असतात. तसेच काळे दिसणारे टेनेब्रिओनिडी कुळातले भुंगेरे मागच्या पावलांवर ओळखू येतात, कारण तिथे चारच पेरं असतात. कॅराबिडीच्या मिशा दोऱ्यासारख्या, बहुधा अकरा पेरांच्या, डोळा आणि जबडा यांच्यामधून निघालेल्या असतात.

काही जण लगेच ओळख देतात. उघड्या ओल्या चिखलावर धावणारा, चाहूल लागताच थोडं उडून पुन्हा बसणारा टायगर बीटल. दगडाखालचा पिवळ्या-काळ्या नक्षीचा, आखूड पंखांचा बॉम्बार्डियर. तो पोटातल्या रसायनांचा सुमारे १०० अंश सेल्सिअस तापलेला फवारा मारतो, त्याला बोट लावू नका. कोरड्या माळांवर सहा पांढऱ्या ठिपक्यांचा मोठा अँथिया.

लहान काळ्या जातींना मात्र रंग पुरत नाही. छातीचा आकार, डोळ्यांवरचे केस, पंखांवरच्या रेषा पाहाव्या लागतात. काही जाती नराची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय वेगळ्या होतच नाहीत. एच. ई. अँड्र्यूज यांनी १९२९ आणि १९३५ साली 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत भारतातल्या या कुळावर लिहिलेले दोन खंड अभ्यासक आजही उघडतात. ओळख इतकी बारकाईची असल्याने मोबाइलवरच्या एका फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणं चूक आहे. कुळापर्यंत पोहोचलात तरी ती खरी ओळख आहे.

वडाळ्याच्या मिठागरांची आणि खारफुटीची जमीन बांधकामाखाली जाण्याआधी तिथे कोण राहतं, याची नोंद व्हायला हवी. वरून, बाजूने आणि डोक्याचा असे तीन फोटो घ्या, तारीख आणि जागा लिहा. वीट होती तशीच परत ठेवा आणि भुंगेऱ्याला जाऊ द्या.