सशर्त प्रवेश आणि निकालाची प्रतीक्षा

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथील ए लेव्हल परीक्षा जूनच्या अखेरीस संपतात आणि त्यांचा निकाल ऑगस्टच्या मध्यास, एका गुरुवारी सकाळी जाहीर होतो. स्कॉटलंडची परीक्षापद्धती स्वतंत्र असून तेथील निकाल थोडा आधी लागतो. परीक्षा आणि निकाल यांमधील सात-आठ आठवडे सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना मोठे कठीण जातात. विद्यापीठाने जागा देऊ केलेली असते; परंतु ठरावीक श्रेणी मिळेपर्यंत ती आपली म्हणता येत नाही. एखाद्या विषयात एक श्रेणी कमी पडली तर पुढे काय, या प्रश्नाने अनेक घरांतील झोप उडालेली असते. ही चिंता कशातून उद्भवते आणि तिला उत्तर देणारी व्यवस्था कशी आहे, हे समजून घेणे आपल्याकडील शिक्षकांस व पालकांसही उपयुक्त ठरेल.

प्रवेश सशर्त का?

आपल्याकडे बहुतांश प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, म्हणजे निकालानंतर होतात. ब्रिटनमध्ये क्रम उलटा आहे. तेथे विद्यार्थी परीक्षेच्या कित्येक महिने आधी अर्ज करतो. हे अर्ज स्वीकारण्यासाठी विद्यापीठांनी 1961 मध्ये एक मध्यवर्ती परिषद स्थापन केली होती. 1990 च्या दशकाच्या आरंभी तिच्यासह अन्य एका यंत्रणेचे एकत्रीकरण होऊन आजची 'यूकास' ही संस्था आकारास आली. तिच्यामार्फत विद्यार्थ्यास एका वेळी जास्तीत जास्त पाच अभ्यासक्रमांसाठी अर्ज करता येतो. वैद्यकीय शिक्षणासाठी मात्र ही मर्यादा चार आहे.

अर्जाच्या वेळी अंतिम निकाल हाती नसल्याने शाळेतील शिक्षक प्रत्येक विषयातील अपेक्षित श्रेणी कळवितात. त्यावरून विद्यापीठ जागा देऊ करते. मात्र रसायनशास्त्रात 'ए' आणि अन्य दोन विषयांत 'बी' श्रेणी मिळाली पाहिजे, अशा प्रकारची अट घालते. आलेल्या प्रस्तावांपैकी विद्यार्थी सामान्यतः दोन हाती ठेवतो. एक प्रथम पसंतीचा आणि दुसरा राखीव. राखीव प्रस्ताव शक्यतो कमी श्रेणीच्या अटीचा निवडावा, असे मार्गदर्शन केले जाते. कारण दोन्ही अटी सारख्याच असतील, तर राखीव प्रस्तावाचा उपयोगच राहत नाही.

अंदाज आणि वस्तुस्थिती

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे शिक्षकांचा अंदाज. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शिक्षणसंस्थेच्या 2016 मधील एका अभ्यासात असे आढळले की, उत्तम तीन विषयांचा विचार करता केवळ 16 टक्के अर्जदारांचा निकाल अंदाजाशी तंतोतंत जुळला होता. सुमारे 75 टक्क्यांच्या बाबतीत अंदाज प्रत्यक्ष निकालापेक्षा अधिक होता. अंदाज चुकला म्हणजे जागा गेलीच, असा याचा अर्थ नव्हे. तथापि अपेक्षेपेक्षा कमी श्रेणी मिळणे ही विरळा घटना नसून नित्याची आहे, हे त्यावरून ध्यानात येते. ज्या मुलास हे ठाऊक नसते, ते निकालाकडे स्वतःच्या योग्यतेवरील निवाडा म्हणून पाहू लागते.

2020 मध्ये कोविडच्या साथीमुळे परीक्षाच रद्द झाल्या आणि गणिती सूत्राने श्रेणी ठरविण्यात आल्या. इंग्लंडमध्ये 13 ऑगस्ट रोजी लागलेल्या त्या निकालात शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे 39 टक्के श्रेणी खाली आणल्या गेल्या. देशभर असंतोष उसळल्यावर 17 ऑगस्ट रोजी तो निर्णय मागे घेण्यात आला. एका श्रेणीवर तरुणांचे केवढे भवितव्य टांगलेले असते, याचे दर्शन त्या चार दिवसांत सर्वांस घडले.

श्रेणी कमी पडल्यास

भीतीपोटी मुलास एकच दार दिसते; प्रत्यक्षात दारे अनेक आहेत. पहिले म्हणजे, विद्यापीठांकडे निकाल काही दिवस आधी पोहोचतात. जागा शिल्लक असल्यास एखादी श्रेणी कमी असलेल्या विद्यार्थ्यासही ती स्वीकारू शकतात आणि अनेकदा स्वीकारतात. इंग्लंडमधील विद्यार्थिसंख्येवरील सरकारी मर्यादा 2015 पासून उठविण्यात आल्याने हे अधिक सुकर झाले. वैद्यकीय शिक्षणात मात्र जागा मर्यादितच आहेत.

दुसरे, प्रथम पसंतीने नकार दिल्यास आणि राखीव प्रस्तावाची अट पूर्ण होत असल्यास तेथील जागा निश्चित होते. तिसरे, काही विद्यापीठे मूळ अभ्यासक्रमाऐवजी त्याच्याशी निगडित दुसरा अभ्यासक्रम देऊ करतात. चौथे म्हणजे 'क्लिअरिंग'. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत चालणाऱ्या या प्रक्रियेत रिकाम्या जागा जाहीर होतात आणि विद्यार्थी स्वतः विद्यापीठाशी दूरध्वनीवर बोलून जागा मिळवू शकतो.

याखेरीज शाळेमार्फत उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मागता येते. तीत श्रेणी वाढण्याप्रमाणे घटण्याचाही संभव असतो. आणि ती मागितल्याचे विद्यापीठास तत्काळ कळवावे लागते. यांपैकी काहीच साधले नाही, तर पुढील वर्षी पुन्हा परीक्षा देऊन नव्याने अर्ज करण्याचा मार्ग मोकळा राहतो.

एक गोष्ट मात्र निकालापूर्वीच करावयाची असते. परीक्षेच्या काळात विद्यार्थी आजारी पडला किंवा घरात मृत्यूसारखी आपत्ती ओढवली, तर शाळेने परीक्षा मंडळास वेळीच कळविल्यास गुणांत थोडी सवलत मिळू शकते. ही सवलत एकूण गुणांच्या 5 टक्क्यांहून अधिक नसते. विद्यापीठासही ही परिस्थिती आधीच कळविणे हितावह असते.

महाराष्ट्रातील विद्यार्थी

बारावीनंतर ब्रिटनमध्ये जाऊ इच्छिणाऱ्या येथील विद्यार्थ्यांसही असेच सशर्त प्रस्ताव येतात. श्रेणीच्या जागी बारावीच्या गुणांची अट असते. अट पूर्ण होऊन प्रवेश बिनशर्त झाल्याखेरीज विद्यापीठ व्हिसासाठी लागणारे स्वीकृतिपत्र देत नाही. त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाने अपेक्षित गुण कळविताना सढळपणा दाखविणे हे विद्यार्थ्यावर उपकार करणे नव्हे. वास्तवास धरून केलेला अंदाजच त्याच्या हिताचा ठरतो. गुण कमी पडल्यास निकालपत्र हाती येताच विद्यापीठास ते कळवून पुनर्विचाराची विनंती करावी. ब्रिटनमधील निकाल ऑगस्टमध्ये लागत असल्याने त्यासाठी पुरेसा अवधी मिळतो.

परदेशी न जाणाऱ्या असंख्य मुलांसाठीही यात बोध आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेस पुरवणी परीक्षेची जोड आहे, गुणपडताळणीची व पुनर्मूल्यांकनाची सोय आहे. परंतु ग्रामीण भागातील कित्येक घरांत या सोयींची माहिती निकालानंतर, मन खचल्यावर पोहोचते. ती आधी पोहोचविणे शिक्षकांस व ग्रामपंचायत सदस्यांस सहज शक्य आहे. परीक्षा संपल्यावर पालकांची एक बैठक घ्यावी. पुरवणी परीक्षा, अन्य अभ्यासक्रम व औद्योगिक प्रशिक्षण यांची माहिती फलकावर लावावी. निकालाच्या दिवशी शाळा उघडी ठेवून किमान एक शिक्षक तेथे उपलब्ध असावा. झोप न लागणे, जेवण तुटणे, अबोला धरणे अशी लक्षणे एखाद्या मुलात दिसल्यास ती थट्टेवारी नेऊ नयेत. मानसिक आरोग्यासाठी 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेली मानस' या राष्ट्रीय सेवेचा 14416 हा क्रमांक निःशुल्क असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

निकालापूर्वीची चिंता उपदेशाने जात नाही. 'काळजी करू नकोस' असे म्हणण्यापेक्षा, 'गुण कमी पडले तर आपण प्रथम अमुक करू, ते न साधल्यास तमुक करू' असे मुलाजवळ बसून ठरविणे अधिक परिणामकारक होय. निकाल काय लागावा, हे उत्तरपत्रिका दिल्यानंतर कोणाच्याच हाती नसते. त्या दिवशी मूल एकटे पडू नये, एवढे मात्र घराच्या, शाळेच्या आणि गावाच्या हाती निश्चितच असते.